पंचवीस शब्दांचा संसार

दुसऱ्या महायुद्धाबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. रणगाडे, पाणबुड्या, सेनापती, हिटलरचे शेवटचे दिवस यांवरची पुस्तकं ग्रंथप्रदर्शनातून हातोहात जातात. तरीही इंग्लंडच्या राजाला आपला राजा मानणाऱ्या, इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या एका मुलखावर जर्मनांनी जवळजवळ पाच वर्षं राज्य केलं, असं सांगितलं की चांगले वाचणारेही ‘हे कधी?’ म्हणून विचारतात. हा मुलूख म्हणजे इंग्लिश खाडीतली चॅनल बेटं. हातातली कादंबरी त्यांतल्या गर्न्सी बेटावरच्या एका नवविवाहित जोडप्याची आहे. माणसं कल्पित आहेत. बेट, बोटी, तारखा, उपासमार आणि पंचवीस शब्दांचे कागद खरे आहेत. लेखिकेने प्रस्तावना मागितली ती या खऱ्या भागाची ओळख करून देण्यासाठी. तेव्हा नायक-नायिकेची नावं मी इथे घेत नाही. त्यांची गाठ पुढे पडेलच.

आधी नकाशा. जर्सी, गर्न्सी, आल्डर्नी, सार्क आणि आजूबाजूचे काही चिमुकले तुकडे, एवढाच हा पसारा. इंग्लंड लांब, फ्रान्स जवळ. हवा स्वच्छ असली की जर्सीवरून फ्रान्सचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं मुंबई बेट जेवढं, साधारण तेवढंच गर्न्सी. ही बेटं ब्रिटिश राजमुकुटाची, पण ब्रिटनचा भाग नाहीत. कायदे त्यांचे, कर त्यांचे, कारभार त्यांचा. व्हिक्टर ह्यूगो फ्रान्समधून हद्दपार झाल्यावर १८५५ ते १८७० गर्न्सीत राहिला आणि ‘ले मिझराब्ल’ त्याने तिथेच पुरी केली. १९४० साली बेटाची वस्ती बेचाळीस हजारांच्या आसपास होती. धंदा मुख्यतः टोमॅटोचा. उतारावर, घरामागे, जागा मिळेल तिथे काचघरं. त्यांतला माल बोटीने इंग्लंडला जायचा. आपला नायक अशाच एका काचघरवाल्याचा मुलगा आहे. जून हा ऐन तोडणीचा महिना, आणि जूनमध्येच सगळं घडलं, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

फ्रान्स कोसळला तेव्हा लंडनने हिशेब केला की या बेटांचं रक्षण करण्यात अर्थ नाही. जूनच्या मध्यावर सैन्य काढून घ्यायचं ठरलं. १९ जूनला संध्याकाळच्या वर्तमानपत्रातून गर्न्सीच्या लोकांना कळलं की मुलांना इंग्लंडला हलवायचं आहे, आणि पाठवायची असतील तर त्याच रात्री नावं द्यायची आहेत. शाळेतल्या मुलांबरोबर त्यांचे शिक्षक जाणार, हाताखाली मदतनीस म्हणून काही बायका जाणार. तान्ह्या मुलांच्या आया आपापल्या मुलांबरोबर जाणार. लष्करात भरती होण्याच्या वयाच्या पुरुषांनाही मुभा होती. बाकीच्यांनी काय करायचं याचं उत्तर दर तासाला बदलत होतं. आदल्या दिवशी ‘निघा’ म्हणणारे दुसऱ्या दिवशी ‘पळपुटेपणा करू नका’ असे फलक भिंतींवर लावत होते. चारेक दिवसांत सतरा हजारांच्या आसपास माणसं बेट सोडून गेली, त्यांत पाच हजारांच्या घरात शाळकरी मुलं होती. शेजारच्या जर्सीत तेवीस हजारांनी नावं नोंदवली, गेली साडेसहा हजारांच्या आसपास. आल्डर्नी तर २३ जूनला जवळपास रिकामंच झालं.

या आकड्यांमागे काय होतं ते कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे. एका रात्रीत ठरवायचं. गाईंची धार कोण काढणार? तोडून ठेवलेल्या टोमॅटोचं काय? म्हातारी आई बोटीत बसायला तयार नाही. कुत्र्यामांजरांना बरोबर नेता येत नाही, म्हणून त्यांना कायमचं झोपवून आणायला दवाखान्यापुढे रांग. अशा गडबडीत हजारो घरांत एकच वाक्य बोललं गेलं असणार: ‘तू पुढे हो, मी मागच्या बोटीने येतो.’ आपल्या नायिकेच्या लग्नाला तेव्हा अकरा आठवडे झालेले आहेत. ती मदतनीस म्हणून शाळेच्या मुलांबरोबर निघते. नवरा तोडणी उरकून येणार असतो.

मागची बोट आली नाही असं नव्हे. आली, पण तोवर नवऱ्याला वाटायला लागलं होतं की इतकी घाई नाही. बरेचजण याच भ्रमात होते. २८ जूनच्या संध्याकाळी सेंट पीटर पोर्टच्या धक्क्यावर टोमॅटोने भरलेले ट्रक एकामागे एक उभे होते. बेटं निःशस्त्र केल्याचं ब्रिटनने जर्मनांना तोवर सांगितलेलंच नव्हतं. वरून पाहणाऱ्या वैमानिकांना ती लष्करी वाहनांची रांग वाटली. बॉम्ब पडले, मशीनगन चालल्या. ट्रकखाली आसरा घेतलेली माणसं तिथेच गेली. जर्सीतलेही धरून त्या संध्याकाळी चव्वेचाळीस जण मेले. टपालाची बोट धक्क्याला होती, ती त्या रात्री जेवढ्यांना घेता आलं तेवढ्यांना घेऊन निघाली, आणि मग दार बंद झालं. ३० जूनला जर्मन गर्न्सीत उतरले, दुसऱ्या दिवशी जर्सीत. एक गोळी झाडावी लागली नाही.

आता या जोडप्याकडे वळतो. ताटातुटीच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत. कोकणातला चाकरमानी गिरणीत आणि बायको गावी, ही तर आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. युद्धाचंच म्हणाल तर सातारा-कोल्हापूरकडच्या किती गावांत मराठा पलटणींत गेलेल्या जवानांच्या बायकांनी इटली, आफ्रिका, ब्रह्मदेश ही नावं पहिल्यांदा पोस्टमनच्या तोंडून ऐकली असतील. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले, आणि माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा घरच्यांना कितीतरी दिवस कळलं नाही. तरी त्या कथेत एक गोष्ट जागेवर असते: घर. जाणारा युद्धावर जातो, राहणारी घरी राहते. गर्न्सीत हे उलटंपालटं झालं. घरी राहिला तो शत्रूच्या राज्यात अडकला. जीव वाचवायला गेली ती बॉम्ब पडणाऱ्या शहरात जाऊन पोचली. डिसेंबर १९४० मध्ये ऐन नाताळाच्या तोंडावर मँचेस्टर पेटलं तेव्हा बेटावरच्या नवऱ्यांना ते जर्मनांच्या छापाच्या वर्तमानपत्रातून, बढाईच्या भाषेत, कळलं. काळजी कोणी कोणाची करायची, हा प्रश्न पाच वर्षं सुटला नाही.

त्यात नवं लग्न. इथे लेखिकेने फार नेमकी जागा पकडली आहे. वीस वर्षं संसार केलेली माणसं लांब गेली तरी त्यांच्यापाशी साठा असतो: भांडणं, आजारपणं, एकमेकांच्या सवयी, नुसत्या एका शब्दाने उलगडणारे घरगुती विनोद. अकरा आठवड्यांच्या नवराबायकोकडे काय असतं? लग्नाचा फोटो, आठ-दहा फेरफटके, एक-दोन रुसवे. एकमेकांचा स्वभाव पुरता कळायच्या आत त्यांना एकमेकांच्या आठवणीवर जगायला बसवलं, आणि आठवणीतला माणूस हळूहळू आपल्या सोयीने घडत जातो. नायिका मनातल्या नवऱ्याशी बोलते त्या जागा नीट पाहाव्यात. तो दर प्रकरणात थोडा थोडा बदलला आहे. खरा नवरा तिकडे काचघरात जर्मनांसाठी बटाटे लावतो आहे, आणि तोही बदलतो आहे, पण वेगळ्या दिशेने.

सुरुवातीचे सहा-सात महिने तर पत्रच नाही. टपाल बंद, तार बंद, फोन बंद. ऑगस्ट १९४० मध्ये गर्न्सीच्या कारभारी समितीचे प्रमुख अँब्रोज शेर्विल यांनी जर्मन रेडिओसाठी एक निरोप ध्वनिमुद्रित करून दिला: आम्ही ठीक आहोत, इथले जर्मन नीट वागताहेत, मुलांनी काळजी करू नये. इंग्लंडमध्ये त्यावर टीकेची झोड उठली, कारण शत्रूला तो आयताच प्रचार मिळाला. पण आईबाप जिवंत आहेत की नाही हेही माहीत नसलेल्या मुलांना त्या आवाजाने काय दिलं असेल, याचा विचार टीकाकारांनी केलेला दिसत नाही. मला शेर्विल दोषी वाटत नाहीत. पुढे त्यांनाही जर्मनांनी छावणीत नेलंच.

मग रेड क्रॉसचे कागद सुरू झाले. १९४१ च्या आरंभापासून ते पोचू लागले आणि इथून कादंबरीला तिचा आकार मिळतो. एक छापील फॉर्म. वर रेड क्रॉसचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, पाहिजे त्या माणसाचं नाव-पत्ता, मध्ये चार-पाच ओळींची जागा. मजकूर पंचवीस शब्दांहून जास्त नको, आणि तो केवळ घरगुती, खासगी स्वरूपाचा असावा. इंग्लंडमध्ये तो नागरिक सल्ला केंद्रात द्यायचा. तिथून ब्रिटिश सेन्सॉर, तिथून जिनिव्हा, तिथे रेड क्रॉसचा गोल शिक्का, मग जर्मन सेन्सॉर, मग बेट. उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, पुन्हा पंचवीस शब्दांत, आणि तो कागद आला तसा उलट वाटेने परत. एका प्रश्नाचं उत्तर यायला कित्येक महिने लागत. हिवाळ्यात विचारलेल्या खोकल्याचं उत्तर उन्हाळ्यात यायचं. त्यामुळे प्रश्न विचारण्यातच अर्थ उरत नसे. माणसं सांगायचंच तेवढं सांगत.

पंचवीस शब्दांत किती मावतं हे पाहायला मीच एक निरोप लिहून पाहिला. कादंबरीतला नाही, माझा:

सुखरूप आहे. पत्र फेब्रुवारीत मिळालं. बाळ झालं, मुलगी. डोळे तुझ्यासारखे. आई बरी का? काचघराचं काय? मी आता गिरणीत कामाला. अंगठी बोटात आहे. वाट बघते. तुझीच.

बरोबर पंचवीस. आता यात काय नाही ते मोजा. बाळंतपणात जिवावर बेतलं होतं, ते नाही. भाड्याच्या खोलीला ओल येते, ते नाही. घरमालकीण चांगली आहे की खवट, ते नाही. रात्री भोंगा वाजला की मुलीला घेऊन जिन्याखाली बसावं लागतं, हे तर लिहिताच येत नाही. ते घरगुती नव्हे, युद्धाचं. आणि रागावता येत नाही. हा मुद्दा मला पुस्तकामुळेच सुचला. पंचवीस शब्दांत कोणी भांडत नाही. सेन्सॉरच्या दोन माणसांसमोर, सहा महिन्यांनी पोचणाऱ्या कागदावर, ‘त्या दिवशी तू माझ्याबरोबर का आला नाहीस?’ असं कोणती बायको लिहील? ‘सुखरूप आहे’ लिहील. नवरा उलट ‘मजेत आहे’ लिहील. पाच वर्षं दोघं एकमेकांशी अत्यंत सौजन्याने वागली. नव्या लग्नाला याच्याइतकं घातक दुसरं काही नसावं.

बापांना मूल झाल्याची बातमी याच कागदांवरून कळली, आईवडील गेल्याचीही याच कागदांवरून. कादंबरीतला नायक ‘मुलगी’ हा शब्द वाचून तो फॉर्म घडी घालून बुटाच्या आत ठेवतो. बेटावर कातडी तळवे मिळेनासे झाल्यामुळे लोक लाकडी तळव्यांचे बूट घालत होते, हे ठाऊक असेल तर त्या तपशिलाची गंमत कळते.

बायको ज्या जगात गेली तेही वाचकाला नवीन असेल. बेटकरी वेमथ बंदरात उतरले, तपासणी झाली आणि आगगाड्यांनी थेट उत्तरेला पाठवले गेले: स्टॉकपोर्ट, बरी, ओल्डहॅम, विगन, ब्रॅडफर्ड, थेट ग्लासगोपर्यंत. ज्यांनी जन्मात आगगाडी पाहिली नव्हती, कारण बेटावर ती नव्हतीच, त्यांना धुराड्यांच्या शहरात नेऊन सोडलं. सुरुवातीला चर्चच्या दालनांत जमिनीवर गाद्या टाकून मुक्काम. मग रिकामी घरं मिळाली, शेजाऱ्यांनी भांडीकुंडी दिली. लँकेशरच्या कामगार वस्तीने या अनोळखी लोकांना ज्या हाताने सामावून घेतलं त्याबद्दल बेटकरी अजून कृतज्ञतेने बोलतात. सैनिकाच्या बायकोला भत्ता मिळे. हिचा नवरा सैनिक नव्हता, शत्रूच्या ताब्यातला साधा नागरिक होता. तेव्हा कामावर जाणं भाग होतं. सुतगिरण्या, विमानांचे कारखाने, दारूगोळ्याचे कारखाने. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पगाराचं पाकीट. या पाकिटाचा परिणाम पुढे १९४५ मध्ये दिसणार आहे, तो लेखिकेने घाई न करता दाखवला आहे.

विस्थापितांनी गावोगावी मंडळं काढली. स्टॉकपोर्टच्या मंडळाने ‘चॅनल आयलंड्स मंथली रिव्ह्यू’ नावाचं मासिक चालवलं. त्यात रेड क्रॉसच्या निरोपांतला मजकूर छापत, कारण एकीला आलेल्या पंचवीस शब्दांत दुसरीच्या भावाचं नाव असायचं. लोक मुद्दामच तसं लिहीत: आपल्या घरचं सहा शब्दांत उरकायचं आणि उरलेल्यांत गल्लीतली खुशाली भरायची. सभेत एक कागद उभा राहून वाचायचे आणि दहाजण ऐकायचे. नवराबायकोचं खासगी पत्र दोन देशांच्या सेन्सॉरनी वाचून झाल्यावर गावाच्या चावडीवरही वाचलं जायचं.

बेटावरच्या दिवसांबद्दल फार सांगायला नको, ते कादंबरीत भरपूर आहे. घड्याळं जर्मन वेळेवर लावली, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागल्या, संचारबंदी आली, राइशमार्क चालू झाले. जून १९४२ मध्ये रेडिओ कायमचे जप्त केले. मग लोकांनी क्रिस्टलचे रेडिओ घरी बनवले, आणि गर्न्सीत बीबीसीच्या बातम्या उतरवून गुपचूप वाटणारी मंडळी निघाली. त्यांतले चार्ल्स मेकॉन जर्मनीत कैदेतच वारले. भर काळात गर्न्सीत दोन नागरिकांमागे जवळपास एक जर्मन सैनिक होता. निघून गेलेल्यांची घरं त्यांनी राहायला घेतली. सामान कुठच्या कुठे गेलं. नायिका स्टॉकपोर्टमध्ये रात्री ज्या घरातल्या पलंगपोसाची, बशांची आठवण काढते, त्या घरात तेव्हा परका तोफखाना झोपलेला आहे. नवऱ्याला ते माहीत आहे. तो कळवत नाही.

एक तक्रार इथेच नोंदवून टाकतो. कादंबरीतला जर्मन कॅप्टन मला ओळखीचा वाटला, म्हणजे चित्रपटांतून ओळखीचा. पियानो वाजवणारा, फुलं ओळखणारा, मनातून युद्धाला कंटाळलेला. सुरुवातीच्या महिन्यांत तिथलं जर्मन सैन्य शिस्तीत वागलं हे खरं. नमुनेदार सत्ता करून दाखवायची त्यांची इच्छाच होती. पण त्याच राज्यात ज्यूंची नोंदणी झाली आणि एप्रिल १९४२ मध्ये गर्न्सीतून तीन स्त्रिया नेल्या गेल्या: ऑगुस्टे श्पिट्झ, मारियाने ग्रुनफेल्ड आणि थेरेझ श्टाइनर. तिघींचा शेवट ऑश्विट्झमध्ये झाला. रिकाम्या आल्डर्नीवर छावण्या उभ्या राहिल्या. रशियन, युक्रेनी, पोलिश, स्पॅनिश अशा मजुरांना तटबंदीच्या काँक्रीटच्या कामावर जुंपलं, आणि किती मेले यावर अजून वाद आहेत. बेटकऱ्यांचं दुःख खरं आहे, पण त्याच समुद्रात त्याहून काळं काही चाललं होतं. लेखिकेने त्याला चार पानं दिली आहेत. मी वीस मागितली असती.

त्या काळच्या कुजबुजीबद्दल मात्र ती धीटपणे लिहिते. जर्मनांबरोबर फिरणाऱ्या मुलींना बेटावर घाणेरडी नावं ठेवली गेली, काहींना मुलंही झाली. इकडे इंग्लंडात पोलिश, कॅनेडियन, पुढे अमेरिकन सैनिक. गावातल्या कोणीतरी कोणालातरी पाहिलेलं असायचं, आणि पंचवीसपैकी चार शब्द तेवढ्यासाठी खर्च करणारा हितचिंतकही असायचाच. नायकाला असा एक कागद येतो. त्यावर तो काय उत्तर देतो, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

सप्टेंबर १९४२ मध्ये आणखी एक घाव बसला. इराणमध्ये जर्मन नागरिकांना पकडलं याचा सूड म्हणून हिटलरने बेटांवरच्या, पण बेटांबाहेर जन्मलेल्या ब्रिटिशांना जर्मनीत नेण्याचा हुकूम काढला. दोन हजारांवर माणसं त्या खेपांत बिबराख, वुर्झाख, लाउफेन इथल्या छावण्यांत गेली. सार्क बेटाची ‘डेम’, म्हणजे तिथली वंशपरंपरागत जहागीरदारीण, सिबिल हॅथवे या कणखर बाईला जर्मन अधिकारीही वचकून असत. पण ब्रिटिश कमांडोंच्या ऑक्टोबर १९४२ मधल्या छाप्यानंतर दुसरी खेप काढली तेव्हा, फेब्रुवारी १९४३ मध्ये, तिच्या नवऱ्याला, रॉबर्टला, तिच्या डोळ्यांदेखत लाउफेनला नेलं. युद्ध संपेपर्यंत तो परतला नाही.

यातली विसंगती अशी की छावणीत गेलेल्यांना पत्रं लिहायला मिळत. खरीखुरी पत्रं, पंचवीस शब्दांची अट नसलेली, थेट इंग्लंडला. रेड क्रॉसची खाण्याची पार्सलंही येत. म्हणजे स्वतःच्या घरात राहिलेल्या नवऱ्यापेक्षा काटेरी तारेआडच्या नवऱ्याशी बायकोचं जास्त बोलणं व्हायचं, आणि शेवटच्या वर्षी तो जेवतही बहुधा बरा होता. नायकाचा मित्र साउथॅम्प्टनचा असल्याने त्याला नेतात आणि नायक, तिथलाच जन्म म्हणून, मागे राहतो. तो मित्राचा हेवा करतो. हे वाक्य वाचकाला आधी विचित्र वाटेल.

जून १९४४ मध्ये मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरली. बेटांवरून तोफा ऐकू येत होत्या. लोकांना वाटलं, आठवड्याभरात सुटलो. पण सैन्य बेटांना वळसा घालून पुढे निघून गेलं, फ्रान्समधली रसद तुटली आणि निरोपांची वाटही जवळपास बंद पडली. नागरिक आणि जर्मन दोघंही एकाच बेटावर उपाशी राहू लागले. ब्लॅकबेरीच्या पानांचा चहा, पार्सनिपच्या मुळांची कॉफी, मिठासाठी समुद्राचं पाणी. वीज गेली, गॅस गेला. लिस्बनहून निघालेली रेड क्रॉसची ‘व्हेगा’ बोट २७ डिसेंबर १९४४ ला सेंट पीटर पोर्टला लागली, कॅनडा आणि न्यूझीलंडची पार्सलं घेऊन. अनेकांच्या मते तिने बेट वाचवलं. तरीही फेब्रुवारीत पीठ संपलं आणि काही आठवडे गर्न्सीत पाव मिळालाच नाही. पार्सलात नायकाला चॉकलेटची वडी मिळते तेव्हा तो ती न पाहिलेल्या मुलीसाठी ठेवतो आणि तिसऱ्या रात्री खातो. इतकी खरी जागा या पुस्तकात दुसरी नाही.

९ मे १९४५ च्या सकाळी ब्रिटिश विनाशिका ‘बुलडॉग’वर शरणागतीच्या सह्या झाल्या. बर्लिन पडून आठवडा झाला होता. त्या दिवशी सेंट पीटर पोर्टच्या रस्त्यांवर काय झालं याची छायाचित्रं उपलब्ध आहेत, कादंबरीतही ते वर्णन जोरकस आहे. पण बायका लगेच परतल्या नाहीत. समुद्रात सुरुंग होते, बेटावर अन्न नव्हतं, घरं राहण्याजोगी नव्हती. परवाने घ्यावे लागत आणि जून संपता संपता बोटी भरून येऊ लागल्या. धक्क्यावर बाप उभे, हाडांचे सापळे झालेले. बोटीतून उतरणारी मुलं लँकेशरच्या हेलात बोलत होती. बापाच्या जिभेवरची जुनी गर्न्सी बोली त्यांना परकी झाली होती. पाच वर्षांच्या मुलीला ‘हे तुझे बाबा’ म्हणून दाखवलं की ती आईच्या पाठीमागे लपायची, आणि काही तर घरात आलेल्या या माणसाला तो परत कधी जाणार असं विचारायची. काही बायका आल्याच नाहीत. त्यांना तिकडे काम होतं, मैत्रिणी होत्या, कुणाकुणाचं दुसरं माणूसही होतं. काही आल्या, वर्षभर राहिल्या आणि परत गेल्या. पुष्कळ राहिल्या.

आपली नायिका येते. मुलीला घेऊन, कारखान्यात साठवलेले पैसे घेऊन, आणि विचारायचा राहिलेला तो प्रश्न घेऊन. लेखिका कादंबरी धक्क्यावर, या तिघांच्या पहिल्या तासाभरात संपवते, आणि इथे माझं तिच्याशी जमत नाही. मला पुढची दहा वर्षं हवी होती. बाँबगोळे साफ केलेल्या शेतात काचघर पुन्हा उभं करायचं, त्याच्या काचा इंग्लंडहून येईनात. शेजाऱ्याकडे आपल्याच बशा सापडतात आणि मागायच्या कशा कळत नाही. नवरा पावाचा तुकडा उशीखाली ठेवून झोपतो. बायकोला आठवड्याचे पैसे त्याच्याकडे मागायचे जमत नाही, कारण पाच वर्षं तिने कोणाकडे मागितले नाहीत. आणि आता शब्दांना मर्यादा नाही, सेन्सॉर नाही, तर रात्रीच्या जेवणानंतर दोघांनी बोलायचं काय? हस्तलिखित वाचून झाल्यावर मी हे लेखिकेला कळवलं. त्यावर तिने लिहिलं की ते दुसरं पुस्तक आहे आणि त्याची दोन प्रकरणं झाली आहेत.